बाळासोंच्या सुमोचा बंद पडलेला आवाज

उचगाव,
मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

प्रिय प्रियदर्शनी,

पूर्ण नाव घातलंय म्हणजे आण्णांचं काहीतरी बिनसलंय, हे तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील. एरवी मी तुला पत्र कशाला लिहितोय? राधानगरी काही लांब नाही. सकाळची एसटी धरली तर तू शिकवतेस त्या शाळेची प्रार्थना संपायच्या आत फाटकाशी उभा राहीन. फोनही आहे. पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणालीस तरी त्या 'हं'मधलं सगळं मला ऐकू येतं आणि माझं बोलायचं राहून जातं. समोरासमोर तर जीभच उचलणार नाही. म्हणून दुकानाचं अर्धं शटर ओढून, तुझ्याच एका जुन्या वहीची कोरी पानं काढून बसलोय. हे वाचून झाल्यावर तू कदाचित या घराची पायरी चढणार नाहीस. ते धरूनच लिहितोय.

आधी इकडचं सांगतो. तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे, म्हणजे ती पुन्हा जिना चढून माझ्यावर ओरडायला वर येऊ शकते. धंदा बदललाय. कॅसेटचा डेक आता कुणी मागत नाही. एका सीडीत दीडशे गाणी भरून पोरं येतात आणि म्हणतात, काका, बेस असा पायजे की पुढच्या गाडीचा आरसा हलला पायजे. मी हसतो आणि बसवून देतो. कृष्णात अजून माझ्याकडंच आहे. परवा एक ट्रक हायवेवरनं हॉर्न मारत गेला. मी म्हटलं, याच्या डाव्या स्पीकरचा कागद फाटलाय. कृष्णात म्हणाला, मालक, तुमचे कान म्युझियममध्ये ठेवायचं काम हाय. असं कुणी म्हणालं की पूर्वी मला चहा न पिताच तरतरी यायची. आता आतून काहीतरी चावतं. का, तेच सांगायचंय.

तुला माहीत आहे, मी सातवी पास. लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरचे कर्णे खांद्यावरनं वाहायचो. कुठला कर्णा कधी घोगरा होतो, ते ऐकून ऐकून शिकलो. कुणी शिकवलं नाही, पुस्तक नाही, डिप्लोमा नाही. जे काही मिळवलं ते या दोन कानांवर आणि एका नियमावर. नियम कुठला, ते तुलाही पाठ आहे: गाडी नुसती चालू करून द्यायची नाही, बिघाड काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा. जळका फ्यूज असो, गंजलेलं टोक असो, उंदरानं कुरतडलेली तार असो. हे बघा, हे बिघडलंवतं. त्या एका गोष्टीवर कागलपासून गांधीनगरपर्यंतची माणसं डोळे झाकून गाडीची किल्ली माझ्याकडं टाकून जायची. जोतीरामकडं फसवाफसवी न्हाय, असं म्हणायची.

नवीन माणूस कामाला घेताना मी चांगल्या गाडीत मुद्दाम बिघाड करून ठेवायचो, तेही तुला ठाऊक आहे. कृष्णात आला तेव्हा फ्यूजच्या टोकाला सेलोटेपचा तुकडा गुंडाळून ठेवला होता. दीड तास घाम गाळला गड्यानं. सापडल्यावर मला तोंडावर म्हणाला, मालक, हे तुमचंच काम, उंदराला सेलोटेप लावता येत न्हाय. मी त्याला त्याच दिवशी ठेवून घेतला. पण ती गाडी नेहमी माझी स्वतःची व्हॅन असायची. गिऱ्हाइकाच्या गाडीला मी असा कधी हात लावला नव्हता. एकदा सोडून.

आता तुला कळलं असेल मी कुठल्या दिवसाकडं निघालोय. नव्याण्णव साल, दिवाळी नुकतीच झालेली. तू प्रसेनजीतचं नाव माझ्यासमोर काढलंस तेव्हा मी पाटावर जेवत होतो. मुलगा मला नवीन नव्हता. पॉलिटेक्निक झालेला, माझ्याकडं वायर आणि सोल्डर घ्यायला यायचा, आणि वायर सोलताना आतला एक धागासुद्धा तोडायचा नाही. असे हात मी फार थोडे बघितलेत. त्याची आई अंजनाबाई जिल्हा परिषदेत क्लार्क, घर नीटनेटकं, पोरगा निर्व्यसनी. खोड काढायला जागा नव्हती. तरी मी हातातला घास ताटात परत ठेवला. तुझी आई रडायला लागली, आणि मी मोठ्या मनाचा माणूस असल्यासारखा पाणी पिऊन म्हणालो, जात मी बघत न्हाय, हात बघतो. येऊ दे त्याला दुकानात. सगळ्यांसमोर एक बिघाड काढून दाखवू दे, लग्न मी लावून देतो. तुझा चेहरा एकदम असा उजळला, की मला क्षणभर माझाच अभिमान वाटला. तू म्हणालीस, आण्णा, एवढंच? हे तर त्याच्या डाव्या हाताचं काम.

तेच भय होतं मला. डाव्या हाताचं काम होतं.

परीक्षा ठरली त्या शुक्रवारी आपलं जुनं गिऱ्हाईक बाळासो गूळ घेऊन मार्केट यार्डात आले होते. सुमो माझ्याकडं लावून गेले, मागच्या दाराची एक क्लिप बसवायची होती म्हणून. गाडीतली सिस्टिम मीच बसवलेली, सीटखाली आवाज वाढवणारा अ‍ॅम्प, मागं बारा इंची वूफर स्पीकर, उत्तम चाललेली. तुला मी त्या दिवशी कॉलेजला पाठवलं होतं, त्याची परीक्षा झाल्यावर सांगतो म्हणून. तू गेल्यावर मी वर गेलो, आणि तुझ्या आरशाच्या फळीवरची बिनरंगी नेलपॉलिशची बाटली उचलून खाली आलो.

बाटली तुझी होती, हे मला तुला सांगायलाच हवं.

डेक चालू झाला की एका बारीक निळ्या तारेतनं अ‍ॅम्पला निरोप जातो, की ऊठ बाबा. तो पोचला नाही तर जाड तारेत करंट खेळत असूनही अ‍ॅम्प झोपलेलाच राहतो. मी ती निळी तार सोडवली, उघड्या तांब्याला नेलपॉलिशचे तीन हात दिले, वाळवलं, आणि पुन्हा स्क्रूखाली घट्ट आवळून टाकली. बघणाऱ्याला तांबं लखलखीत, स्क्रू पक्का. पण करंट आरपार जायची सोय नाही. सेलोटेपची थट्टा वेगळी आणि हे वेगळं. हे मी न सापडावं म्हणून केलं होतं. बाळासो परत आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, अहो, तुमचा आवाज आपोआप बंद पडलाय, बघतो काय झालं ते. ते बिचारे बाकावर बसले. दोघं-तिघं आपले भावकीतले होते, त्यांना मीच मुद्दाम बोलावलेलं.

प्रसेनजीत आला, बुटांची नाडी सोडून बूट बाहेर ठेवले आणि गाडीत शिरला. बाळासोंनी सुरुवात केली, काय वो इंजिनेर, डिप्लोमा हाय न्हवं? दाखवा की गाडीला सर्टिफिकेट, बोलायला लागंल. सगळे हसले, तोही हसला. मग त्यानं काम सुरू केलं, आणि मी बघत राहिलो. घाई नाही. आधी फ्यूज काढून उजेडात धरला. मग मीटरनं जाड तारेतला करंट बघितला. अर्थिंगचा बोल्ट हलवून बघितला. वूफरच्या तारा सोडवून एक पेन्सिल सेल टेकवला, त्याचा कागद पुढं सरकला, म्हणजे वूफर जिवंत. डेककडच्या टोकाला निळी तार तपासली, करंट होता. सीटखाली डोकं घालून अ‍ॅम्पकडच्या टोकाला तपासली, नव्हता. तो थांबला. मग त्यानं खिशातनं बोटभर वायरचा तुकडा काढला आणि जाड तारेवरनं थेट त्या स्क्रूला टेकवला.

डेकचा आवाज शून्यावर होता, त्यामुळं गाणं लागलं नाही. पण अ‍ॅम्प जागा होताना वूफर एकदाच बारीक दचकतो. थप्प. उशीवर बोट आपटावं एवढाच आवाज. बाहेर हायवेला ट्रक चालले होते, कृष्णात पत्र्याला भोक पाडत होता, बाकावरची माणसं उसाला कारखाना पहिली उचल किती देणार त्याबद्दल बोलत होती. कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

त्यानं तुकडा काढून घेतला. निळी तार स्क्रूतनं सोडवली, नखानं खरवडली, बोट नाकाशी नेलं. आणि तसाच गुडघ्यावर बसून राहिला. मी बाकापाशी उभा होतो. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. तो नुसता बघत होता. आता ती तार बाळासोंच्या हातावर ठेवायची, हा माझाच नियम. ठेवली असती तर वास घ्यायलासुद्धा लागला नसता, पापुद्रा डोळ्यांना दिसत होता. ज्या माणसाच्या दुकानात फसवाफसवी नाही, त्यानं गिऱ्हाइकाची चांगली गाडी बंद पाडून ठेवली, हे माझ्या भावकीसमोर उघडं पडलं असतं. मला तेवढ्या वेळात बोलता आलं असतं. पोरा, जिंकलास, एवढं हसत म्हटलं असतं तरी सगळी गोष्ट थट्टेवारी गेली असती. मी मान वळवली आणि कृष्णातला म्हणालो, चहा सांग रे पाच.

प्रसेनजीतनं तार होती तशी स्क्रूखाली घातली, आवळली, हात पुसले आणि बाहेर आला. म्हणाला, राहू दे काका, मला न्हाय जमायचं. बाळासो म्हणाले, बघा, कागद वेगळा आणि हात वेगळा. प्रसेनजीत बूट घालताना नाडी बांधायलाही थांबला नाही. तो गेल्यावर मी गाडीत शिरलो, पाच मिनिटांत आवाज चालू केला, आणि ड्रॉवरमधला एक जुना जळका फ्यूज बाळासोंच्या तळहातावर ठेवला. हे बघा, हे बिघडलंवतं. ते म्हणाले, जोतीराम, तुझ्यासारखा तूच. मी तेही घेतलं.

संध्याकाळी तू धावत आलीस. मी म्हणालो, त्याला सापडला नाही. तू रडली नाहीस. एवढंच म्हणालीस, त्याला? त्याला सापडला नाही? तुझ्या आवाजात विश्वासच नव्हता, आणि असणार कसा, तू त्याचे हात जाणत होतीस. थोड्या वेळानं तूच हळू म्हणालीस, म्हणजे त्यानं मुद्दाम काढला नाही. त्याला नको असेल. प्रियदर्शनी, तेव्हा मी मान हलवली. नुसती मान हलवली, आणि तुझ्या डोक्यावरनं हात फिरवला.

चार दिवसांनी तू त्याला स्टँडवर गाठलंस आणि घरी येऊन मला विचारलंस, आण्णा, तो म्हणतोय तुझ्या आण्णांना विचार. काय विचारू? किती साधा प्रश्न होता. मी सोल्डर करत होतो, वर न बघता म्हणालो, काय विचारायचं त्यात? पोरानं अंग काढून घेतलं आणि आता माझ्यावर ढकलतोय. त्यानंतर तू मला त्याच्याबद्दल काहीच विचारलं नाहीस. बीएड केलंस, राधानगरीची नोकरी धरलीस, आलेली पाच स्थळं कसलाही आवाज न चढवता परत पाठवलीस. लोक मला म्हणायचे, पोरगी मानी हाय. मी म्हणायचो, माझ्यावर गेलीय. निर्लज्ज माणूस मी.

जात बघत नाही, हात बघतो, असं म्हणालो होतो मी. हात बघितला. त्याच्यासारखा हात माझ्या दुकानात आजवर आला नाही. आणि मग जात बघितली. भावकी काय म्हणेल, तुझ्या काकांच्या पोरींची लग्नं कशी व्हायची, हे सगळं मी तेव्हा स्वतःला समजावलं. आता ते लिहून मी तुझ्याकडं सूट मागणार नाही. भावकीनं मला काही करायला सांगितलं नव्हतं. बाटली मीच उचलली.

रविवारी मी कागलला गेलतो. पंचतारांकित एमआयडीसीत त्याची शेड आहे, कारखान्यांना लागणारे कंट्रोल पॅनेल जोडतो. आठ माणसं कामाला आहेत. लग्न केलेलं नाही, हे कृष्णातनं मला आधीच सांगितलं होतं. मला बघून तो उठला, खुर्ची पुसून दिली, काका बसा म्हणाला. इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य मी एका दमात बोलून टाकलं, की त्या दिवशी वूफरचा आवाज मला ऐकू आलता. तो म्हणाला, माहीत हाय की. तुमचे कान सगळ्या कोल्हापुराला माहीत हायत. म्हणून तर टेकवली तार. मला वाटलं, तुम्हीच बोलाल.

मी खाली बघत बसलो. पॅनेलच्या तारा इतक्या सरळ आवळलेल्या, की त्यांच्याकडं बघत वेळ काढता येत होता. मग त्यानं विचारलं, काका, मी तिला सांगितलंवतं तुम्हाला विचार म्हणून. तिनं विचारलंच न्हाय व्हय? मी म्हणालो, विचारलंवतं. तो म्हणाला, मग? मी म्हणालो, मग मी खोटं बोललो. एक पोरगी सही घ्यायला आली, तिला त्यानं हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, म्हणजे तिला माहीतच न्हाय? मी सात वर्षं धरून चाललोय, की तिला सगळं कळलं आणि तरी ती तुमच्याच बाजूनं राहिली.

मी पुष्कळ आवाज ऐकलेत, बाळ. त्याचं हे वाक्य ऐकल्यापासून दुसरं काही नीट ऐकू येत नाही.

काल बाळासो दुकानात आले होते. भावकीतला एकजण बाकावर होता, कृष्णातही होता. मी सगळं सांगितलं, नेलपॉलिशसकट. बाळासो आधी हसले, त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग म्हणाले, जोत्या, सगळ्यांदेखत त्या पोराला मी बोललो रं. माझ्या तोंडनं बोलवून घेतलंस तू. उठले आणि किल्ली उचलून गेले. ते पुन्हा येतील असं वाटत नाही. भावकीतला तो माणूस मात्र म्हणाला, झालं-गेलं कशाला उकरतोस, पोरगी वाचली की. तेव्हा मला समजलं, मी इतकी वर्षं कुणाची शाबासकी जपत होतो. तुझ्या आईलाही सांगितलं. ती कालपासून माझ्याशी बोललेली नाही, ताट तेवढं वाढते.

आता हे सगळं आजच का, ते सांगतो. शनिवारी तुझा फोन आला आणि तू आदर्शच्या स्थळाला हो कळवा म्हणालीस. येत्या रविवारी अकरा वाजता ते लोक बोलणी पक्की करायला येणार आहेत. मुलगा चांगला आहे, त्यात शंका नाही. पण तुझ्या त्या 'हो'त काहीच नव्हतं. ना आनंद, ना भीती. सगळं जोडलेलं आणि आत काही चालू नाही, असा तो आवाज होता, आणि तो तसा का झालाय हे जगात माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तू आदर्शला हो म्हणालीस तरी खरं कळून म्हण. प्रसेनजीतनं तुला नाकारलं होतं असं समजून म्हणू नकोस. त्यानं नाकारलं नव्हतं. आदर्शच्या घरी यातलं मी काहीच कळवलेलं नाही, तुझ्या वतीनं बोलायचा हक्क मीच घालवलाय. तू काय ठरवशील त्यात मी एक अक्षर बोलणार नाही, आणि भावकीतलं कुणी बोललं तर त्याच्यासमोर मी उभा राहीन. तेवढं तरी करू दे. हे पाकीट सकाळच्या राधानगरी गाडीच्या कंडक्टरकडं देतोय. आत एक चिठ्ठी टाचली आहे. मी शेडमधनं निघालो तेव्हा प्रसेनजीत फाटकापर्यंत आला आणि माझ्या शर्टाच्या खिशात त्यानं ती घातली. त्याचा नंबर आहे. मी मागितला नव्हता.

तुझाच,
आण्णा